येत्या रविवारी समुद्र

आमच्या घरात छापलेल्या शब्दाला फार मान होता. अण्णा होटगीला रेल्वेत पार्सल क्लार्क होते. रोज सकाळच्या पॅसेंजरनं जाऊन संध्याकाळी परत येता येता जगाकडं बघायची त्यांची दृष्टीच रेल्वेची झाली होती. वेळापत्रकात छापलंय म्हणजे गाडी आहे. उशिरा येईल, पण आहे. पंचांगात, कॅलेंडरच्या पाठीमागं, औषधाच्या बाटलीवर, कुठंही काही छापलेलं असलं की तो कुणीतरी कुणाला दिलेला शब्द आहे असं ते धरून चालत. एकदा साबणाच्या वेष्टनावर ‘दुप्पट फेस’ असं होतं आणि फेस रोजच्याएवढाच आला, तर अण्णा तो ओला साबण परत कागदात गुंडाळून दुकानात घेऊन गेले. दुकानदार हसून म्हणाला, “अण्णा, तसं छापायचं असतंय हो.” त्यानंतर त्या दुकानातून आमच्या घरी मीठसुद्धा आलं नाही.

घर म्हणजे सोलापुरात, साखर पेठेतल्या एका गल्लीत एकामागं एक अशा दोन खोल्या आणि पुढं दगडी कट्टा. डाव्या हाताला माग, उजव्या हाताला माग. सकाळी खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत, आणि त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सगळ्या गल्लीला सवय होती. सुटीच्या दिवशी माग बंद पडले की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. आई मागच्या खोलीतून नेहमीच्याच पट्टीत “हळद संपली का गं?” म्हणायची आणि समोरच्या दोन घरांतून वाटीभर हळद यायची. माझा आवाज मात्र त्या खटखटीत पहिल्यापासूनच हरवला होता. पानावर बसून दुसरी भाकरी मागितली तरी कुणाला ऐकू जायचं नाही. मग मी मागणंच सोडून दिलं, आणि भाकरीबरोबरच्या शेंगाच्या चटणीत बोटानं चित्रं काढत बसायला लागले. आई ते बघून न मागता भाकरी वाढायची. चित्रकलेचा माझा पहिला फायदा तो.

पुढं मी ज्या शिक्षणाला गेले त्याला आता ग्राफिक डिझाइन म्हणतात. माझी नात मोबाइलवर बसल्या बसल्या अंगठ्यानं करते ते. आमच्या वेळी त्याला कमर्शियल आर्ट म्हणत आणि आमच्या गल्लीत ‘पाट्या रंगवायचा कोर्स’. अण्णांनी मला तिथं घातलं ते आईनं हट्ट धरला म्हणून, आणि एका अटीवर. करमाळ्याला माझी आत्या, अण्णांना अजून बाळूच म्हणणारी त्यांची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती. मी तिच्याकडं राहून डी.एड. करायचं आणि तिथंच शिक्षिका म्हणून चिकटायचं असं तिनं मी पाचवीत असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. अट अशी, की कोर्सच्या शेवटी माझं काही खरं दिसलं तर ठीक, नाहीतर करमाळा. ‘काही खरं दिसणं’ म्हणजे काय हे अण्णांनी सांगितलं नव्हतं. त्यांना तरी ते माहीत होतं की नाही, कोण जाणे.

शेवटच्या वर्षी आम्हाला एक मोठा प्रकल्प असायचा. आमचे सर मूळचे मालवणकडचे. पोटासाठी सोलापुरात आलेले, आणि इथल्या उन्हात दर वर्षी थोडे थोडे वाळत चाललेले. त्यांनी प्रत्येकाला एकेक न भरलेलं प्रदर्शन वाटून दिलं. प्रदर्शन नाहीच, पण ते आहे असं समजून त्याची चित्रं, पोस्टर, पाटी सगळं करायचं. माझी मैत्रीण पद्मा, मागवाल्यांच्या घरातली, तिच्या वाट्याला वाद्यं आली. मला म्हणाले, “तू समुद्री जीव कर.” मी खाली बघून पुटपुटले, “सर, मी समुद्र बघितला नाही.” सरांनी खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघितलं. मग म्हणाले, “मीही आता बरीच वर्षं बघितला नाही. काढ तू.”

ग्रंथालयात विश्वकोशाचे जाडजूड खंड होते, ते घरी मिळत नसत. मी तिथं बसून वाचायचे, डोक्यात भरून घ्यायचे आणि घरी येऊन दिव्याखाली काढायचे. अशानं आमच्या पुढच्या खोलीत समुद्र साठायला लागला. ऑक्टोपस कपाटाला टेकून उभा, जेलीफिश धान्याच्या पोत्यावर, तारामासा आरशामागं. देवमासा कागदावर कसाही बसेना. लहान काढला की तो तळ्यातला चिलापी मासा दिसायचा. शेवटी मी अख्ख्या कागदावर त्याचा नुसता एक डोळा काढला. आई केर काढताना त्या डोळ्यासमोरून पदर सारखा करून जायची.

मग पोस्टर. सरांनी आम्हाला एक नियम घोकून घोकून शिकवला होता: सगळे शब्द सारखे नसतात, महत्त्वाचा शब्द मोठा, बाकीचे त्याच्या आधारानं बारीक. माझ्या पोस्टरवरचं वाक्य असं होतं: ‘जिवंत वाटतील असे समुद्री जीव’. यातला महत्त्वाचा शब्द कोणता, हे तुम्हीच सांगा. मी ‘जिवंत’ हातभर मोठा केला, ‘समुद्री जीव’ त्याच्या निम्मा, आणि ‘वाटतील असे’ हे दोन शब्द ऑक्टोपसच्या एका हाताच्या वळणात नाजूक बसवले. सर खूश झाले. फक्त खाली ‘स्थळ’ लिहून मी पुढं रेघ मारली होती, ती त्यांनी खोडली. “पोस्टर खरं वाटलं पाहिजे. स्थळ हवं, वेळ हवी, वार हवा.” मी विचारात पडले. कुठल्या सभागृहाचं नाव न विचारता घालणं मला काही बरं वाटेना. ज्याला कुणाला विचारावं लागणार नाही असं एकच ठिकाण मला माहीत होतं. मी आमच्या घराचा पत्ता घातला. वेळ, सकाळी दहापासून. वार, ‘येत्या रविवारी’. आणि सरांनी सुचवलं म्हणून सगळ्यात खाली, ठसठशीत: ‘प्रवेश विनामूल्य’.

पद्माच्या मामाच्या कारखान्यात टॉवेलवरची लेबलं छापायची सोय होती, तिथं आम्ही थोडी पोस्टरं छापली. सर म्हणाले, पोस्टर भिंतीवर कसं दिसतं ते भिंतीवरच कळतं. लावा, फोटो काढा, काढून आणा. म्हणून पद्मा आणि मी एष्टी स्टँड, रेल्वे स्टेशनाबाहेरची भिंत आणि भाजी मंडई अशा तीन ठिकाणी ती चिकटवली, मामाच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले आणि काढायला गेलो, तर निघेनात. खळ आईनं करून दिली होती. मैदा शिजवून त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि वर तिचा स्वतःचा असा हात. पद्मानं नखं लावून बघितलं, मी कंपासपेटीतली पट्टी लावून बघितली. भिंतीचा चुना निघाला, पोस्टर निघालं नाही. घरी येऊन मी आईला म्हटलं, “कुणी वाचून आलं म्हणजे?” आई पीठ मळता मळता म्हणाली, “कोण येतंय गं! घरोघरी पत्रिका दिल्या, निरोप पाठवले, तरी माणसं लग्नाला येईनात. भिंतीवरचं वाचून कोण येतंय!” तिचं म्हणणं मला पटलं. आजही पटतं. फक्त ते चुकीचं निघालं.

शनिवारी जेवताना अण्णा हसत होते. ते क्वचित हसत, म्हणून आम्ही दोघी थांबून बघायला लागलो. “गाडीत आज एकच विषय,” ते म्हणाले. “साखर पेठेत म्हणे कुणीतरी आठ पायांचं जनावर आणलंय. जिवंत! फुकट दाखवायलेत. दुधनीचा एकजण तर म्हणत होता, उद्या घरच्यांना घेऊन येतो. कोण गं आपल्या पेठेत लोकांना असं बनवायलंय?” आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं बघितलं, आणि आई म्हणाली, “ताक घ्या अजून.” स्टेशनच्या भिंतीवरचं ते पोस्टर अण्णांच्या रोजच्या वाटेवरच होतं, पण ते गाडीच्या वेळेत चालत, आणि चालताना फक्त घड्याळ बघत.

रविवारी माग बंद होते. त्या शांततेत सकाळी पहिल्यांदा चपलांचा आवाज आला. मग बोलण्याचा. मग कुणाचं तरी लहान मूल रडलं. मी खिडकीच्या फटीतून बघितलं तर कट्ट्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं होती. धुतलेली धोतरं, इस्तरीच्या साड्या, पावडर लावलेली पोरं. काहींनी दुपारचं बांधून आणलं होतं. कुणीतरी कडी वाजवली. अण्णा बनियनवर दाढीला बसले होते, अर्ध्या गालाला साबण. तसेच उठून त्यांनी दार उघडलं.

समोर एक रिक्षावाला उभा होता, मागं बायको आणि चार पोरं. “सलाम अण्णा. मछली दिखाव.”

“कसली मछली?”

“अब्बी क्या बोलना! जिंदा है ना? आठ पाँव की?” त्यानं खिशातून कागदाची घडी काढली. मंडईतल्या भिंतीवरनं त्यानं पोस्टर सोलून आणलं होतं, भिंतीच्या चुन्यासकट. जे आम्हाला दोघींना जमलं नाही ते त्याला कसं जमलं हे मला अजून कळलेलं नाही.

अण्णांनी पोस्टर हातात घेतलं. आधी चित्र बघितलं. ते त्यांनी घरात कपाटाला टेकलेलं रोज बघितलं होतं. मग पत्ता वाचला. मग सगळं पहिल्यापासून, पार्सलाची पावती वाचावी तसं, बोट ठेवून वाचलं. मी दाराआड उभी होते. ते न वळताच म्हणाले, “बाहेर ये.” मी गेले. ऑक्टोपसच्या हाताच्या वळणावर त्यांचं बोट होतं. “ही अक्षरं एवढी बारीक का?”

“सर म्हणाले, महत्त्वाचा शब्द मोठा...”

“ऐकू येत नाही.”

“महत्त्वाचा शब्द मोठा करायचा असतो, अण्णा.”

“म्हणजे ‘दुप्पट फेस’.” ते एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गल्लीतली सगळी माणसं आमच्याकडं बघत होती, आणि मागं कुणीतरी विचारत होतं, “काय म्हणतंय? मेलं का ते जनावर?”

अण्णा आत गेले. मला वाटलं, दार लावून घेणार. पण त्यांनी गालाचा साबण पुसला, स्वच्छ शर्ट घातला, आणि आईला म्हणाले, “यांचं काही चुकलेलं नाही. आपण बोलावलंय, ते आलेत. दाखवायचं.” मग मला, “काय काय आहे तेवढं लाव. पण बारीक अक्षरातलं आधी मी मोठ्यानं सांगणार.”

आम्ही वाळत घालायच्या दोऱ्या पुढच्या खोलीत आडव्या बांधल्या आणि सगळ्या चित्रांना कपड्यांचे चिमटे लावले. आईनं ट्रंकेतून तिचं निळं इरकली लुगडं काढून खिडकीवर सोडलं. ऊन त्यातून आत आलं आणि आमची खोली, धान्याचं पोतं, देवाचा कोनाडा, आईचा चेहरा, सगळं निळं झालं. विश्वकोशात हे नव्हतं.

अण्णा दारात उभे राहून होटगी स्टेशनातल्या आवाजात सांगत होते, “ऐका! जिवंत नाहीत. जिवंत वाटतील असे आहेत. चित्रं आहेत. माझ्या मुलीनं काढलीत. ज्याला परत जायचं असेल त्यानं पाणी पिऊन जावं. ज्याला बघायचं असेल त्यानं रांग धरावी. आतल्यांना आधी बाहेर येऊ द्या!” रिक्षावाल्यानं बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, “अब आये तो देखकेच जाना.” कुणीच गेलं नाही. एवढ्या लांबनं आलेल्या माणसाला, काही नाही असं मान्य करणं सगळ्यात जड जातं. त्यापेक्षा तो काहीही बघायला तयार असतो. पुढं आयुष्यभर मी शेंगाचटणीची पाकिटं, टॉवेलांची लेबलं, निवडणुकीची पत्रकं केली, तेव्हा ही गोष्ट मला फार उपयोगी पडली.

पहिल्या घोळक्यात अण्णांच्या गाडीतला तो दुधनीचा माणूस होता. बायको आणि त्याची म्हातारी आई बरोबर. मी चित्रांशेजारी खांबासारखी उभी. मग म्हातारी ऑक्टोपसच्या चित्राला नाक लावून सुनेला कानडीत म्हणाली, “नोड गं, एंट काल!” सून मला म्हणाली, “आठ पाय हैत म्हणती. ह्येला खरंच आठ पाय असत्यात व्हय?”

“पाय नाहीत,” मी म्हटलं. “हात म्हणतात.”

“काय म्हणती? मोठ्यानं बोल की.”

“हात! आठ हात!”

आठ हात म्हणताच म्हातारीनं पायातली चप्पल बाहेर काढून ठेवली आणि ऑक्टोपसला हात जोडले. मागच्या दोघींनीही जोडले. मी घाईघाईनं म्हणाले, “देवी नाही, आजी. समुद्रातला जीवच. पण त्याला काळजं तीन असतात.”

“तीन काळजं!” सून नवऱ्याकडं बघत म्हणाली. “हितं एकाचा पत्त्या न्हाय.”

सगळी खोली हसली, नवरासुद्धा. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला लागले. कुणीतरी देवमाशाच्या डोळ्यापुढं उभं राहून विचारलं, “बाकीचा मासा कुटं हाय?” मी म्हणाले, “बाकीचा साखर पेठेत मावला नाही.” परत हशा. माझ्या बोलण्यावर माणसं हसावीत हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. तारामाशाचा हात तुटला तर नवा फुटतो, जेलीफिशला मेंदू नसतो, असं मी सांगत गेले. “मेंदू न्हाय? मग चालतंय कसं?” “चालतं की.” “आमच्या सरपंचासारखं मग,” दुधनीवाला म्हणाला.

पण खरा गोंधळ केला तो समुद्री घोड्यानं. ते चित्र सगळ्यात लहान, कोपऱ्यात टांगलेलं. मी सांगितलं की याच्यात पिल्लं नराच्या पोटात वाढतात. मादी त्याच्या पोटाच्या पिशवीत अंडी घालते, आणि कळा येतात त्या नराला.

मग मागनं एक बाई म्हणाली, “परत सांग.”

मी परत सांगितलं. ती सावकाश म्हणाली, “कळा ह्येला?” मी म्हणाले, व्हय. “आणि डिंकाचं लाडू कोण करतंय ह्येला?” त्यानंतर जो हशा उठला त्यानं दोरीवरची चित्रं हलली. बायका बाहेर गेल्या त्या रांगेच्या शेवटी परत उभ्या राहिल्या, आपापल्या जावा-नणंदांना घेऊन. पुरुषमंडळी त्या कोपऱ्यापाशी आली की घड्याळं बघायला लागत. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका दुसऱ्यांदा येऊन गेल्या, आणि आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली आई दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायची.

आत्या आली ती भर दुपारी. परीक्षेचीही वाट न बघता त्याच रविवारी येऊन मला करमाळ्याला घेऊन जायचं तिनं परस्पर ठरवलं होतं, आणि न कळवता निघाली होती. गल्लीच्या तोंडाशी तिनं आमच्या दारापुढची गर्दी बघितली, कट्ट्याखाली चपलांचा ढीग बघितला, दारात डोक्यावर पदर घेतलेल्या बायका बघितल्या, आणि हातातली पिशवी तिथंच टाकून तिनं हंबरडा फोडला, “बाळू रे माझ्या! मला न सांगता गेलास की रे!” माणसांनी वाट करून दिली. दोघी बायकांनी तिला धरलं. एकीला वाटलं आत खरंच काही झालंय, तीही रडायला लागली. तशी आत्या दारापर्यंत आली, तो समोर अण्णा, हातात रांग आवरायची दोरी. ते म्हणाले, “आक्का, इकडून नको. रांग तिकडून आहे.”

आत्यानं त्यांना तोंडभर शिव्या दिल्या, ज्या एका मुख्याध्यापिकेला येतात असं मला तोवर ठाऊक नव्हतं. मग पाणी प्याली, आत येऊन स्टुलावर बसली आणि डोळे मिटून माझं सगळं ऐकलं. दोन ठिकाणी माझं व्याकरण सुधारलं. मग उठून बाहेर गेली आणि रांगेतल्या पोरांना उंचीप्रमाणे उभं केलं.

संध्याकाळी शेवटचा घोळका गेल्यावर ती कट्ट्यावर बसून म्हणाली, “बाळू, मी सांगत नव्हते? अरे, ही जन्मजात शिक्षिका आहे! सकाळपासून बोलायलीय पोरगी, न थकता. आता विचार करू नको. उद्याच्या गाडीनं नेते हिला.”

मी आईकडं बघितलं. दिवसभर ज्या आवाजाचा मला एवढा आनंद झाला होता तोच मला करमाळ्याला घेऊन निघाला होता. मी परत मुकी झाले. अण्णा दोरी गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर ते म्हणाले, “आक्का, मी होटगीत एवढी वर्षं बसतो. स्वतःचं पार्सल न्यायला दुधनीचा माणूस येत नाही, चार कार्डं टाकावी लागतात. हिच्या एका कागदावर घरदार घेऊन आला. राहू दे तिला इथंच.” आत्या म्हणाली, “पाट्या रंगवू दे?” अण्णा म्हणाले, “रंगवू दे. फक्त अक्षरं सारखी काढायला सांगतो.”

आत्या दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. जाताना समुद्री घोडा शाळेसाठी मागून घेतला. मुलांना शिकवते म्हणाली, पण पुढं कळलं की तो शिक्षिकांच्या खोलीत लावला होता. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना आम्ही त्या रविवारच्या रांगेचे फोटो दाखवले, पद्मानं मामाच्या कॅमेऱ्यानं काढलेले. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “एवढे नातेवाईक गोळा केलेत?” सरांनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. मार्क बरे पडले. पहिला नंबर पद्माच्या वाद्यांना आला, आणि खरं तर तिचीच चित्रं चांगली होती. पोस्टरवर ‘येत्या रविवारी’ असं असल्यामुळं लोक पुढच्या रविवारीही आले, आणि त्याच्या पुढच्याही. अण्णांनी उलथनं घेऊन जाऊन खरवडून बघितलं, शेवटी स्वतःच्या हातानं ‘झाले’ अशा पट्ट्या लिहून आडव्या चिकटवल्या, आईच्याच खळीनं. त्या बहुतेक अजून असतील, वरच्या रंगाखाली कुठंतरी. समुद्र मी लग्नानंतर बघितला. बरा होता. पण वरनं बघितला तर त्यात काही आहे असं वाटत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या संध्याकाळचं. आत्या तोंड धुवायला मागं गेली होती. मी चित्रांचे चिमटे काढायला लागले तर अण्णा आत आले आणि म्हणाले, “थांब. मी बघितलं नाही अजून.” खरंच, दिवसभर ते दारातच उभे होते. लुगड्यातून आता थोडंच ऊन येत होतं. मी त्यांना पहिल्यापासून दाखवलं. ऑक्टोपस, तीन काळजं, तारामासा, डोळा. ते प्रत्येक चित्रासमोर हात मागं बांधून उभे राहिले. कोपऱ्यात आल्यावर म्हणाले, “इथं बायका एवढ्या का हसायल्या होत्या? बाहेर ऐकू येत होतं.”

दिवसभर जे मी शंभर माणसांना बेधडक सांगितलं होतं ते अण्णांना सांगताना माझी जीभ जड झाली. पण सांगितलं. पिशवी, अंडी, कळा, सगळं. ते हसले नाहीत. त्या एवढ्याशा प्राण्याच्या फुगलेल्या पोटाकडं वाकून बघायला लागले.

“आणि ती? मादी?”

“ती रोज सकाळी त्याच्याकडं येते म्हणे. दोघं शेपटीत शेपटी अडकवून थोडा वेळ फिरतात. मग ती आपल्या कामाला जाते.”

“रोज येते?”

“रोज.”

अण्णा “हं” म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, मी मागोमाग जाऊन तिच्याशेजारी टेकले. सकाळपासून तिनं किती घागरी आणल्या होत्या, देव जाणे. अण्णांनी स्टोव्ह पुढं ओढला. त्यांनी तो कधी पेटवला होता असं मला आठवत नाही. काड्यापेटीतल्या निम्म्या काड्या गेल्या. चहाची पूड म्हणून आधी जिऱ्याचा डबा उघडला, मग मोहरीचा. मी उठायला लागले तर आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. तिच्या डोळ्यांत दिवसभरच्या सगळ्या प्राण्यांपेक्षा मोठं नवल होतं, आणि ते तिला मध्येच थांबवायचं नव्हतं. चहा शेवटी झाला. अण्णांनी तो कपात ओतला, बशीत सांडलेला परत कपात घातला आणि आईपुढं ठेवून समोर बसले.

“कसा झालाय?”

आईनं सावकाश, एकेक घोट घेत, तळाच्या पुडीपर्यंत कप संपवला. पदरानं तोंड पुसलं.

“उद्या साखर घाला,” ती म्हणाली.